कफ हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक? आधी दिवस मोजा, मग श्वास मोजा

नमस्कार. खोकला लागून चार दिवस झालेत. कफ आधी पांढरा होता, मग पिवळा झाला, आज हिरवा पडतोय. औषधांच्या डब्यात मागच्या आजारपणातल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या शिल्लक आहेत. त्या घ्यायच्या का?

घ्यायच्या नाहीत. का ते आज सविस्तर बघू. पण काही वेळा अँटिबायोटिकला काही तासांचा उशीरही महागात पडतो, आणि ती वेळ ओळखता येणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे व्हिडिओचा मोठा भाग त्यावर आहे.

आधी रंगाचं बघू. श्वसनमार्गाला सूज आली की रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे जमतात. त्यांच्यात मायेलोपेरॉक्सिडेझ नावाचं एन्झाइम असतं. त्यात लोह असतं आणि त्याचा रंगच हिरवा असतो. या पेशी जीवाणू आले तरी येतात आणि विषाणू आले तरी येतात. म्हणून साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड हिरवट होतो आणि पुढे आपोआप निवळतो. याला एक अपवाद आहे. ज्यांना आधीपासून सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार आहे, त्यांचा रोजचा कफ अचानक वाढला, पूसारखा झाला आणि दमही वाढला, तर तिथे रंगाला अर्थ आहे. त्यांनी डॉक्टरांना लगेच कळवावं.

मग जीवाणू आहेत हे ओळखायचं कशावरून? त्रास कुठे आहे, किती दिवसांपासून आहे आणि श्वास किती वेगाने चाललाय, यावरून.

(पडद्यावर: श्वसनमार्गाचं चित्र)

हे जीवाणू बहुतेक वेळा बाहेरून नव्याने आलेले नसतातही. न्यूमोकोकस आणि हिमोफिलस हे दोघे अनेक निरोगी माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाकाच्या मागच्या भागात राहतात आणि काही त्रास देत नाहीत. ते खाली फुप्फुसात उतरत नाहीत, कारण श्वासनलिकांच्या आतून सिलिया नावाचे सूक्ष्म केस असतात. ते चिकट द्रवाचा थर सतत वर ढकलत राहतात आणि आपण तो नकळत गिळतो. फ्लूचा विषाणू नेमक्या याच पेशी मारतो. वर ढकलणारी व्यवस्था बंद पडली की जीवाणूंना खालची वाट मोकळी होते. १९१८च्या फ्लूच्या साथीत दगावलेल्यांच्या जतन केलेल्या फुप्फुसांची पुढे तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांत जीवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या.

यातून एक लक्षण पक्कं ध्यानात ठेवा: बरं वाटायला लागून पुन्हा बिघडणं. फ्लू उतरला, ताप गेला, माणूस जेवायला लागला, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा थंडी वाजून ताप आला, तर त्याला 'व्हायरल रेंगाळलंय' म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी तपासून घ्या.

आता वरून खाली जाऊ.

घसा. बहुतेक घसेदुखी विषाणूंची असते. जीवाणूंमध्ये महत्त्वाचा म्हणजे स्ट्रेप्टोकोकस पायोजेनस, आणि तो जास्त करून ५ ते १५ वर्षांच्या मुलांत दिसतो. डॉक्टर चार गोष्टी बघतात. ताप आहे का, टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा थर आहे का, गळ्याच्या पुढच्या बाजूच्या गाठी दाबल्यावर दुखतात का, आणि खोकला नाही ना. चौथी गोष्ट लोकांना उलटी वाटते, पण खोकला, वाहतं नाक आणि बसलेला आवाज एकत्र असतील तर ते विषाणूच्या बाजूने जातं. यातली तीन-चार लक्षणं जुळली तर घशाचा स्वॅब घेऊन चाचणी करतात.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दहा दिवस देतात. घसा दोन-तीन दिवसांत बरा होतो, मग दहा दिवस कशाला? कारण हा जीवाणू पूर्ण गेला नाही तर काही मुलांत संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हा धोका टळतो. म्हणजे चाचणीच्या निकालासाठी एक दिवस थांबायला हरकत नाही.

सायनस. इथे कॅलेंडर बघायचं. दहा दिवस झाले आणि जराही फरक नाही. किंवा सुरुवातीपासूनच ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १०२ फॅरनहाइट ताप, नाकातून पू आणि चेहऱ्यात दुखणं हे सलग तीन-चार दिवस आहे. किंवा पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटून पुन्हा बिघडलं. या तिन्हींपैकी एक असेल तर जीवाणूंची शक्यता धरतात. तोवर मिठाच्या पाण्याने नाक धुणं पुरतं. त्यासाठी पाणी उकळून गार केलेलंच वापरा, थेट नळाचं नको.

ब्राँकायटिस. म्हणजे मोठ्या श्वासनलिकांची सूज. हा जवळजवळ नेहमी विषाणूंचा असतो, आणि त्यातला खोकला सरासरी अठरा दिवस चालतो. लोकांची अपेक्षा आठवड्याभराची असते, आणि याच फरकापायी कितीतरी अँटिबायोटिक फुकट जातात.

आता न्यूमोनिया. इथे संसर्ग फुप्फुसातल्या वायुकोशांत पोचलेला असतो. तिथे हवेऐवजी पू आणि द्रव भरतो, ऑक्सिजन रक्तात उतरत नाही आणि शरीर श्वासाचा वेग वाढवतं. म्हणून श्वास मोजणं ही घरी करता येणारी सगळ्यात उपयोगाची तपासणी आहे, आणि तिला लागतं फक्त सेकंदकाटा असलेलं घड्याळ.

(पडद्यावर: तक्ता)

मूल शांत असताना मोजा. रडताना किंवा दूध पिताना नको. सदरा वर करा आणि छाती-पोटाकडे बघा. एक उठाव म्हणजे एक श्वास. पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान बाळाचा श्वास मध्ये थांबतो, मध्ये पळतो, आणि गुणाकारात ती चूक चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा: दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात आकडा जास्त आला तर लगेच पुन्हा एकदा मोजा.

आकड्यापेक्षाही गंभीर खूण म्हणजे श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं. बाळाचं पोट उडतंय असं आपण म्हणतो, तेच. त्याच्या जोडीला बाळ दूध ओढत नसेल, प्यायलेलं सगळं उलटून पडत असेल, गुंगीत असेल, झटके आले किंवा ओठ निळसर दिसले तर घरी काहीही करत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

मोठ्या माणसाचा विश्रांतीतला श्वास साधारण १२ ते २० असतो. तो ३० किंवा त्याहून जास्त असेल तर आजार गंभीर आहे. पासष्टीपुढच्या माणसांत एक फसवणूक होते. ताप येतच नाही, खोकलाही जेमतेम असतो, आणि पहिलं लक्षण असतं भ्रम. कालपर्यंत ठीक असलेले आजोबा आज वार विसरतात, असंबद्ध बोलतात, पडतात. घरचे डोक्याचा आजार शोधत बसतात, आणि बिघाड फुप्फुसात असतो. अशा वेळी श्वास मोजाच.

ऑक्सिमीटर असेल तर नखपॉलिश पुसा, बोट गरम करा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. एरवी निरोगी असलेल्या माणसात ९२ किंवा कमी दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय. ९० च्या खाली असेल तर तातडीने.

न्यूमोनिया कोणत्या जीवाणूचा, यावर औषध ठरतं. पेनिसिलिनच्या जातीची औषधं जीवाणूची भिंत मोडतात. मायकोप्लाझ्मा नावाच्या जीवाणूला भिंतच नसते, म्हणून अमॉक्सिसिलिन त्याच्यावर काहीच करत नाही. त्याला ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं दुसऱ्या पद्धतीचं औषध लागतं. डब्यातल्या उरलेल्या गोळ्या का घ्यायच्या नाहीत, याचं हे एक सरळ कारण. दुसरं कारण, तीन गोळ्यांत जीवाणू मरत नाहीत. मरतात ते कमजोर. तगडे मागे उरतात.

तिसरं कारण सगळ्यात गंभीर आहे. दोन आठवड्यांहून जास्त चाललेला खोकला क्षयरोगाचा असू शकतो. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक औषधं क्षयाच्या जीवाणूवरही थोडीफार चालतात. आठवडाभर घेतली की खोकला कमी होतो, थुंकीत जंतू सापडेनासे होतात, निदान महिनोन्‌महिने लांबतं आणि तोवर घरातल्यांना लागण होते. म्हणून खोकला दोन आठवड्यांपुढे गेला की औषध घेण्याआधी बेडका तपासा.

बेडक्याचा नमुना बहुतेकदा चुकीचा दिला जातो, म्हणून पद्धत सांगतो. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरा. दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन थोडा रोखा, मग छातीच्या तळापासून खोका. जे घट्ट येईल ते डबीत. तोंडातली पातळ लाळ चालत नाही. प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शकाखाली तोंडाच्या पेशी मोजते, आणि त्या जास्त दिसल्या तर नमुना बाद ठरवते. डबी दोन तासांच्या आत पोचवा. क्षयासाठी नमुना देत असाल तर उघड्या हवेत, इतरांपासून दूर जाऊन खोका.

डांग्या खोकल्याबद्दल थोडक्यात. पहिले एक-दोन आठवडे तो सर्दीसारखाच दिसतो, आणि औषधाचा खरा उपयोग त्याच काळात होतो. पुढे खोकल्याच्या उबळी येतात, शेवटी उलटी होते, आणि हे महिना-दोन महिने चालतं. मोठ्या माणसाला याने थकवा येतो, पण तान्ह्या बाळाचा श्वास थांबू शकतो, तोही अजिबात न खोकता. म्हणून गरोदरपणातली लस आणि बाळाचे डोस वेळेवर घ्या.

औषध सुरू झाल्यावर काय बघायचं? न्यूमोनियात ४८ ते ७२ तासांत ताप आणि श्वासाचा वेग उतरायला हवा. खोकला आणि थकवा मागे रेंगाळतो, तो काही आठवडे राहिला तरी चालतं. डॉक्सिसायक्लिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन चालू असेल तर कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताच्या गोळ्या त्याच वेळी घेऊ नका, किमान दोन तासांचं अंतर ठेवा. नाहीतर औषध पोटातच बांधलं जातं आणि रक्तात पुरेसं पोचत नाही. ७२ तासांनंतरही ताप तसाच असेल तर नुसतं अँटिबायोटिक बदलून घरी परत येऊ नका. फुप्फुसाभोवती पू साचलाय का, औषध लागू पडत नाहीये का, की हा आजारच दुसरा आहे, हे डॉक्टरांना विचारा. पुन्हा एक्स-रे किंवा सोनोग्राफी लागेल का, तेही विचारा. पण सुधारणा होत असेल तर आठवड्याभरात एक्स-रे परत काढायची घाई करू नका. फोटोतला डाग जायला सहा आठवडे लागू शकतात, वयस्कर माणसांत त्याहूनही जास्त. पन्नाशीपुढच्या आणि धूम्रपान करणाऱ्या माणसांनी मात्र सहा आठवड्यांनी तो फोटो काढायलाच हवा, कारण न गेलेल्या डागामागे कधी कधी गाठ असते.