टॉवरपर्यंत पोचणारं घड्याळ

[दृश्य: मोबाइल टॉवरच्या पायथ्याची केबिन, उघडा रॅक]

रॅकच्या डाव्या बाजूनं उतरणाऱ्या या तांब्याच्या जोड्या ई-वनच्या, म्हणजे टॉवरपर्यंत कॉल नेणाऱ्या जुन्या डिजिटल लाइनीच्या. एका ई-वनचा वेग सेकंदाला 2.048 मेगाबिट, त्यात 64 किलोबिटचे 32 कप्पे. जीएसएमच्या, म्हणजे 2जी मोबाइलच्या, एका कॉलला 16 किलोबिट पुरत, म्हणजे एका कप्प्यात चार कॉल बसत.

मोबाइलवर इंटरनेट आलं आणि ई-वन कमी पडू लागल्या. उजवीकडची ही पिवळी कॉर्ड फायबरची. त्यावर इथरनेट, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कसारखी डेटा पॅकेटांत पाठवायची पद्धत, तीही गिगाबिटची. मग जुनी ई-वनसुद्धा त्यावरूनच न्यायची, असं ठरलं.

मधलं हे छोटं यंत्र तेच करतं. ई-वनचे बिट येतील तसे कापून 256 बाइटच्या पॅकेटांत भरतं. सेकंदाला 1000 पॅकेटं. ही पद्धत 2006 मध्ये आरएफसी 4553 या इंटरनेटच्या मानकात नोंदली गेली.

[दृश्य: घड्याळ तपासणाऱ्या टेस्टरचा पडदा, तंत्रज्ञाचे हात]

खरी कसोटी इथे आहे. ई-वनमधून आवाजाबरोबर घड्याळही, म्हणजे बिटांची ठरावीक लय, यायचं. टॉवर आपली लय त्याच तारेवरून घ्यायचा. साध्या इथरनेटवर ती सोय नाही. एखादं पॅकेट लवकर येतं, एखादं रांगेत अडकतं. आणि टॉवरच्या रेडिओ लहरींच्या वारंवारितेत चालणारी चूक किती? एक अब्जात 50 भाग. 900 मेगाहर्ट्झवर जेमतेम 45 हर्ट्झ.

म्हणून पलीकडचं यंत्र आलेली पॅकेटं आधी टाकीत साठवल्यासारखी साठवतं. पातळी चढत गेली तर आपलं घड्याळ मागे पडतंय, उतरत गेली तर पुढे पळतंय. त्यावरून ते स्वतःला सावरतं. लाइनीवर गर्दी झाली की मात्र हा अंदाज डळमळतो. दुसरी वाट सिंक्रोनस इथरनेटची. त्यात लय थेट फायबरमधल्या सिग्नलवरून मिळते, गर्दीचा प्रश्नच उरत नाही. अट एकच, वाटेतला प्रत्येक स्विच, म्हणजे डेटा पुढे धाडणारं यंत्र, ती लय पुढे देणारा हवा. एकच साधा स्विच मध्ये आला तरी साखळी तुटते, आणि तो शोधायला या तंत्रज्ञांना साइटमागून साइट पालथी घालावी लागते.

तिसरी वाट 2008 च्या आयईईई 1588 मानकाची. त्यात वेळेचा शिक्का मारलेली पॅकेटं जातात आणि परत येतात. जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागतो असं धरून दोन घड्याळांतला फरक काढला जातो. टीडीडी प्रकारच्या, म्हणजे एकाच वारंवारितेवर आळीपाळीनं पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या, 4जी आणि 5जीला तर वेळेतली चूक दीड मायक्रोसेकंदाच्या आत असावी लागते.

घड्याळ घसरलं की शेजारच्या टॉवरकडे सरकताना चालू कॉल तुटतो.

[दृश्य: फायबरचं स्प्लायसिंग]

टॉवर फायबरला जोडण्याचं प्रमाण 30 वरून 70 टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट 2019 च्या राष्ट्रीय ब्रॉडबँड मोहिमेनं ठेवलं. जोडलेल्या प्रत्येक टॉवरवर हा टेस्टर लागावा, घड्याळ तपासलं जावं आणि तपासणाऱ्यांना त्यासाठी पुरेसा वेळ मिळावा, ही आमची मागणी आहे.