‘डिक्लाइन’ म्हणजे रद्द नव्हे

नमस्कार श्रोतेहो.

बँकेत माझी छत्तीस वर्षं गेली. त्यातली शेवटची काही तर एटीएमच्या तक्रारी निस्तरण्यातच. तरीही बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर रात्री साडेअकराला एका यंत्रापुढे उभा राहिलो, तेव्हा तळहाताला घाम सुटला होता. शेजारी बायको, तिच्यामागे आमच्या टूरमधली सात-आठ माणसं, आणि पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न.

प्रश्न मोठा आर्जवी होता. तुम्हाला दहा हजार बाट हवेत ना? मग तुमच्या खात्यातून अमुक इतके रुपये जातील, हा दर मान्य आहे का? खाली दोन पर्याय. एक ‘अ‍ॅक्सेप्ट कन्व्हर्जन’, दुसरा ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’. आता मला सांगा, रात्रीची वेळ, परका देश, कार्ड यंत्राच्या पोटात गेलेलं. ‘डिक्लाइन’ दाबायला कुणाचं बोट धजावेल? माणसाला वाटतं, नको म्हटलं की व्यवहारच रद्द. आणि कार्ड नाही परत आलं तर?

पण तसं नाही. तिथे आपण नाकारतो तो फक्त यंत्राने सांगितलेला दर. पैसे मिळतातच. मी ‘डिक्लाइन’ दाबलं, यंत्र दोन क्षण घुरघुरलं, आणि नोटा बाहेर आल्या. मागून सांगलीच्या एक काकू म्हणाल्या, “अहो, तुम्ही नको म्हणालात तरी दिले की त्यांनी!”

या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. त्यातली मेख अशी, की बाटाचे रुपये कुणी करायचे ते ठरवण्याची संधी आपल्याला असते. आपण ‘मान्य’ म्हटलं, तर ते तिथलं यंत्र करतं, स्वतःच्या दराने. नको म्हटलं, तर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होतात, आणि तो दर बहुतेक वेळा बराच बरा असतो. हिशेबापुरते आकडे धरू या. कार्डाचा दर एका बाटाला २ रुपये ४० पैसे, यंत्राचा २ रुपये ६०. दहा हजार बाटाला एकीकडे २४ हजार, दुसरीकडे २६ हजार. आता कुणी म्हणेल, आपली बँकही वर काही लावतेच ना? लावते. साडेतीन टक्के धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ हजार रुपये. तरी दुसरे हजार आपल्या खिशात राहिलेच. शिवाय काही बँका रुपयांत झालेल्या परदेशी व्यवहारावरही आपलं शुल्क लावतात, म्हणजे ‘मान्य’ म्हणणाऱ्याला दोन्हीकडून चाट. दुकानात कार्ड देतानाही हाच प्रश्न येतो. तिथेही रुपये नाही म्हणायचं, त्या देशाचं चलन सांगायचं.

दुसरी गोष्ट थायलंडची खास. मी गेलो तेव्हा तिथल्या बँका परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट कापत होत्या, रक्कम कितीही काढा. आमच्यातले एक गृहस्थ मोठे सावध. जवळ फार रोकड नको म्हणून रोज दोन हजार बाट काढायचे. म्हणजे रोज ११ टक्के गेले! तेच वीस हजार एकदम काढले असते तर सव्वा टक्काही पडला नसता. त्यात आपल्या बँकेचं दर वेळचं शुल्क वेगळंच, आणि पुष्कळ बँका तर बाहेर नुसती शिल्लक बघितली तरी पैसे घेतात. सगळीकडे अशीच तऱ्हा असते असंही नाही. जपानात अडचण निराळी. तिथल्या कित्येक बँकांची यंत्रं परदेशी कार्ड घेतच नाहीत. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानातलं किंवा पोस्टातलं यंत्र शोधायचं, ते घेतं.

निघण्यापूर्वीचं काम मात्र घरी बसूनच उरका. २०२० साली रिझर्व्ह बँकेने नियम केला, तेव्हापासून नवं कार्ड हातात येतं ते परदेशातला वापर बंद असलेलं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो, आणि त्याला ओटीपी लागला तर आपलं सिम तिकडे मुकं झालेलं असतं. क्रेडिट कार्डावर रोख काढू नका, व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. कार्ड रुपेचं असेल तर ते बाहेर चालणारं आहे का, हे शाखेत विचारून घ्या. आणि दोन कार्डं असतील तर दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

या यंत्रांवरून आठवलं. लंडनजवळ एनफिल्डला २७ जून १९६७ रोजी बार्क्लेज बँकेने पैसे देणारं पहिलं यंत्र बसवलं. ते ज्यांच्या डोक्यातून निघालं, ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने आपल्या शिलाँगचे! पिन आधी सहा आकडी ठेवायचा त्यांचा विचार होता. बायको म्हणाली, मला चारच आकडे लक्षात राहतात. म्हणून चार. हे त्यांनीच सांगून ठेवलंय. आपल्याकडे मुंबईत पहिलं एटीएम आलं ते थेट १९८७ला.

आता माझीच फजिती सांगतो. चौथ्या दिवशी एका बाजारातल्या यंत्रात पाच हजार बाट मागितले. आवाज झाला, पावती आली, नोटा काही आल्या नाहीत. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज मात्र तत्परतेने हजर. देशात असं झालं तर पाच दिवसांत पैसे परत, पुढे रोजचे शंभर रुपये भरपाई, हा नियम मला तोंडपाठ. कितीतरी ग्राहकांना मीच समजावलाय. पण तो देशातल्या व्यवहारांपुरता. बाहेरची तक्रार कार्ड कंपनीमार्फत तिकडच्या बँकेकडे जाते आणि रमतगमत परत येते. यंत्राचा क्रमांक काय, वेळ कोणती, असं माझ्या बँकेने तीनदा विचारलं. काउंटरच्या त्या बाजूला बसलेल्या मुलीला काय बोलणार? मीही तेच विचारत आलो होतो.

पैसे सत्तेचाळिसाव्या दिवशी जमा झाले, तेही बायकोने तिथल्या तिथे पावतीचा फोटो काढून ठेवला होता म्हणून. मूळ पावती अजून माझ्या पाकिटात आहे. शाई पार उडालीय, नुसता पांढरा कागद.