ओगाराची दुसरी खेळी

नमस्कार श्रोतेहो.

27 मे 2000. लंडनचं ट्विकनहॅम मैदान, युरोपियन रग्बी चषकाचा अंतिम सामना. आयर्लंडचा मन्स्टर संघ एका गुणाने मागे आहे, 8-9. अगदी अखेरीस पेनल्टी मिळते, म्हणजे थेट खांबांमधून किक मारून तीन गुण कमवायची संधी. तेवीस वर्षांचा रोनन ओगारा चेंडू नीट मांडतो, किक मारतो, आणि चेंडू खांबाच्या बाहेरून निघून जातो. त्या दिवशी हुकलेली ही त्याची चौथी किक.

मला ओगाराबद्दल बोलायचं असलं की मी याच किकपासून सुरुवात करतो. कॉर्क शहरात वाढलेला हा खेळाडू दहा नंबरच्या जर्सीत खेळायचा. रग्बीत दहा नंबरवाला म्हणजे संघाचा सारथी. चेंडू पास करायचा, घेऊन पळायचं की लांब मारायचा, हे बहुतेक वेळा तोच ठरवतो. ट्विकनहॅमनंतर मन्स्टरने 2006 आणि 2008 मध्ये तोच चषक जिंकला, तेव्हाही दहा नंबर ओगाराचाच होता.

मग 21 मार्च 2009, कार्डिफ. वेल्सविरुद्ध आयर्लंड 14-15 असा मागे, जेमतेम दोन मिनिटं उरलेली. ओगाराने हातातला चेंडू जमिनीवर सोडला आणि उसळी घेताक्षणीच लाथेने खांबांमधून पार केला. याला ड्रॉप गोल म्हणतात, त्याचे तीन गुण. आयर्लंडने 61 वर्षांनी ग्रँड स्लॅम जिंकलं, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेतले आपले सगळे सामने जिंकले. देशासाठी तो 128 सामने खेळला, 1083 गुण मिळवले.

2013 मध्ये तो निवृत्त झाला. पुढे त्याने जे केलं त्याचं मला जास्त कौतुक वाटतं. एवढं नाव असूनही तो परक्या मुलुखात सहायक म्हणून उमेदवारी करायला गेला. आधी पॅरिसचा रासिंग क्लब. तिथे त्याच्यासमोर किकचा सराव करायला कोण उभा? जॉनी सेक्स्टन! आयर्लंडच्या दहा नंबरसाठी ज्याच्याशी त्याची वर्षानुवर्षं चुरस होती, तोच. प्रतिस्पर्ध्याला शिकवायचं, तेही मनापासून, याला मोठं काळीज लागतं. मग थेट न्यूझीलंड, क्राइस्टचर्चचा क्रुसेडर्स संघ. तिथेही सहायकच. 2018 आणि 2019, दोन्ही वर्षी संघ विजेता.

त्यानंतर फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या ला रोशेल गावाच्या क्लबने त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. या बंदराच्या गावाकडे तोवर एकही मोठा चषक नव्हता. 2021 ची युरोपियन अंतिम लढतही ते हरले. 2022 मध्ये मार्सेलला आयर्लंडच्याच लेन्स्टर संघाविरुद्ध शेवटच्या क्षणी आर्थर रेतिएरने ट्राय केला, म्हणजे चेंडू त्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला, आणि 24-21 असा चषक हाती आला.

पुढच्या वर्षी पुन्हा लेन्स्टर, आणि मैदान त्यांच्याच डब्लिनचं. पहिल्या बारा मिनिटांत ला रोशेल 0-17 असा मागे पडला. दुखापतीमुळे लेन्स्टरचा कर्णधार मैदानाबाहेरून सामना बघत होता. तो कर्णधार म्हणजे सेक्स्टनच. ओगाराच्या पोरांनी एकेक गुण परत मिळवत आणला. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा फलकावर होतं: ला रोशेल 27, लेन्स्टर 26.

नमस्कार.