गजेंद्रगडकर आणि दत्तकाचा तंटा

(दृश्य : बेळगावातला जुना वाडा. माडीवरच्या लोखंडी ट्रंकेचं झाकण उघडतं.)

वर पासबुकं, मग जमिनीचे उतारे, आणि अगदी तळाशी घडीवर चिरत गेलेला एक स्टॅम्प पेपर. मजकूर मोडीत. खाली साक्षीदारांच्या सह्या, त्यातली एक कन्नडमध्ये. कोपऱ्यात एका बाईचा अंगठा, शाई थोडी फराटलेली.

हे दत्तकपत्र. बेळगाव, खानापूर, चिकोडी, अथणी या पट्ट्यात देसाई, पाटील, इनामदार यांच्या घरांतून असे कागद निघतात. पोटी मूल नाही, नवरा गेला, भाऊबंद दारात उभे. अशा वेळी बाईच्या हातात एकच गोष्ट उरायची : मांडीवर मूल घेणं.

(दृश्य : कित्तूरचा किल्ला, पडक्या भिंती.)

यावरून याच जिल्ह्यात लढाई झाली आहे. कित्तूरच्या देसाईंनी मरणाच्या तोंडावर दत्तक घेतला आणि धारवाडचे कलेक्टर थॅकरे यांनी तो मानला नाही. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी किल्ल्यासमोर थॅकरे मारले गेले. राणी चन्नम्मा पुढे बैलहोंगलच्या कैदेत वारल्या. लोकांच्या आठवणीत लढाई राहिली, तिच्या मुळाशी असलेला कायद्याचा मुद्दा विरून गेला. तो मुद्दा आयुष्यभर ज्यांच्या टेबलावर राहिला, अशा एका न्यायमूर्तींची ही गोष्ट.

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. आडनावातलं गजेंद्रगड आजच्या गदग जिल्ह्यात, जन्म साताऱ्याचा, १६ मार्च १९०१. आचार्यांचं घर, संस्कृत घरातच. १९१८ साली साताऱ्याहून निघालेला हा मुलगा धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात दाखल झाला. मिरजेहून धारवाडला जाणारी गाडी बेळगाव स्टेशनावर थांबते, म्हणजे आपल्या फलाटावरून तो गेला असणारच. दोन वर्षांनी पुण्याचं डेक्कन कॉलेज, १९२४ साली एम.ए., १९२६ साली आयएलएस लॉ कॉलेजातून एलएल.बी. आणि मग मुंबई हायकोर्टाची अपील शाखा.

अपील शाखा म्हणजे जिल्ह्यांचं हायकोर्ट. मुंबई शहरातले बडे व्यापारी दावे मूळ शाखेत, बॅरिस्टर-सॉलिसिटरांच्या हाती. अपील शाखेत सातारा, रत्नागिरी, धारवाड, विजापूर, बेळगाव. मराठी-कन्नड कागदांची इंग्रजी भाषांतरं व्हायची, पेपरबुकं बांधली जायची आणि बेळगावचा अशील पुण्याला गाडी बदलून मुंबई गाठायचा. गावात तोंडही न बघणारे दोन भाऊबंद एकाच डब्यातून तारखेला जाताना दिसले, तर त्यात नवल नव्हतं.

(दृश्य : पोथीचं पान. बोट एका ओळीवर थांबतं.)

आता ही ओळ बघा. धर्मसूत्रकार वसिष्ठ म्हणतात, नवऱ्याच्या अनुज्ञेवाचून बाईनं पुत्र देऊ नये, घेऊ नये. झालं, एवढंच! या एका ओळीचे हिंदुस्थानात चार अर्थ लागले. मिथिलेत : नवराच नाही तर अनुज्ञा कुठली, म्हणून विधवेला दत्तकच नाही. बंगालात : नवऱ्यानं जिवंतपणी परवानगी दिली असेल तर चालेल. मद्रासकडे : नाहीतर सपिंडांची, म्हणजे नवऱ्याच्या जवळच्या भाऊबंदांची, संमती घ्या. आणि आपल्याकडे, मुंबई इलाख्यात : ही अट नवरा हयात असेपर्यंतची. त्यानं मनाई करून ठेवली नसेल, तर विधवा मोकळी. ट्रंकेतला तो अंगठा या चौथ्या अर्थाच्या जोरावर उमटला आहे.

वकिली करता करता गजेंद्रगडकरांनी जुने धर्मशास्त्रकार नंदपंडित यांच्या ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. गंमत अशी, की नंदपंडित विधवेला दत्तकाचा अधिकार देतच नाहीत. आपल्या इलाख्यात जे मत चालत नाही, त्याचीच पोथी लावत हा वकील बसला. मला त्यांची विद्वत्ता इथं जास्त दिसते, पदव्यांत कमी.

दरम्यान १९३०च्या दशकात प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टानं, निकाल दिला : एकत्र कुटुंबातल्या विधवेलाही भाऊबंदांची संमती नको. खटल्याचं नाव भीमाबाई विरुद्ध गुरुनाथगौडा. विधवेनं वीस वर्षांनी दत्तक घेतला तरी तो नवरा वारला त्या दिवसापासूनचा मुलगा धरला जायचा. मधल्या काळात वाटण्या करून बसलेल्यांची झोप उडायची. वकिलांची चूल मात्र पेटती राहायची.

१९४५ साली गजेंद्रगडकर मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १९५१ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या जोडीनं त्यांनी नरसू आप्पा माळी खटला ऐकला. हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला बंदी घालणारा मुंबईचा १९४६ चा कायदा घटनेत बसतो का, हा प्रश्न होता. दोघांनी वेगवेगळी निकालपत्रं लिहिली आणि कायदा टिकवला. वंशाला मुलगा हवा म्हणून दुसरी बायको, या युक्तिवादावर छागलांचं उत्तर साधं होतं : त्याच धर्मात दत्तकाचीही सोय आहे.

मग आलं १९५६. १ नोव्हेंबरला चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. डिसेंबरात नवा दत्तक कायदा आला : मुलगीही दत्तक घेता येईल, आणि दत्तक ज्या दिवशी, त्या दिवसापासून. जानेवारी १९५७ मध्ये गजेंद्रगडकर सुप्रीम कोर्टात गेले. तीन महिन्यांच्या आत बेळगावचं मुंबई हायकोर्ट सुटलं, जुना दत्तक सुटला आणि त्यातला जाणकारही मुंबईतून उठला. पुढे १९६४ ते १९६६ ते भारताचे सरन्यायाधीश होते, मग मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. १९८१ साली ते वारले.

(दृश्य : पहाटेचं बेळगाव बसस्थानक.)

चंदगडच्या अशिलाला २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ आलं. बेळगावच्या अपिलांना आधी बेंगळुरूचं हायकोर्ट होतं, २००८ पासून त्याचंच धारवाडचं बेंच. काखेत फायलीची पिशवी घेऊन एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी बसतात. हायवेवर कित्तूरचा फाटा येतो. कंडक्टर गावाचं नाव पुकारतो, दोघं-तिघं उतरतात, बस धारवाडकडे निघते.