गटारात काय सोडता येतं?

[दृश्य : काळबादेवी, दुकानं उघडण्याआधीची वेळ. अरुंद गल्लीत गटाराच्या कडेला बसून एक जण घमेल्यात गाळ धुतो आहे.]

निवेदन :
झवेरी बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत हे काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे. सोन्याच्या कारखान्यांच्या दारातला केर आणि गटाराच्या तोंडाशी साचलेला गाळ गोळा करायचा, घमेल्यात पाणी घालून तो हलकेच हिंदकळत ठेवायचा. माती वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. हे झारेकरी. गाळातून सोनं शोधण्यावर यांच्या पिढ्या जगल्या.

ज्या मोरीतून सोन्याचा कण निसटतो, तिथूनच आणखीही काही निसटू शकतं. सोनं शुद्ध करायला नायट्रिक आम्ल लागतं, कधी आम्लराज लागतं, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल. जुन्या दागिन्यातलं तांबं आणि जस्त त्यात विरघळतं. सोनं बाजूला काढलं की मागे हिरवट-निळं, आम्लाचा उग्र दर्प असलेलं पाणी उरतं. ते मोरीत ओतलं तर झारेकऱ्याच्या घमेल्यात त्यातलं काहीच सापडणार नाही. ते केव्हाच पुढे गेलेलं असतं.

पुढे म्हणजे कुठे, आणि ते ओतायची मुभा कुणाला, किती? याचे नियम आहेत. ते बारकाईने लिहिलेले आहेत आणि आपल्या रोजच्या जगण्याशी त्यांचा फार जवळचा संबंध आहे. तरी ते उघडून वाचणारे फार थोडे.

[दृश्य : रस्त्यावरचं मॅनहोलचं झाकण, बाजूला पावसाळी गटाराची जाळी.]

निवेदन :
आधी एक गोष्ट डोळ्यांनी पाहून घेऊ. मुंबईच्या रस्त्याखाली दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. ही जाळी पावसाच्या पाण्याची. तिच्यात पडलेलं पाणी नाल्यावाटे थेट खाडीत किंवा समुद्रात जातं, मध्ये शुद्धीकरण नाही. हे गोल झाकण मलवाहिनीचं. इथलं पाणी उदंचन केंद्राकडे, म्हणजे पंपिंग स्टेशनकडे, आणि तिथून प्रक्रिया केंद्राकडे जातं. बांधकामाचं सिमेंट-पाणी, गॅरेजचं काळं तेल, रंगाच्या डब्यांचं धुवण जाळीत ओतणारा माणूस ते समुद्रातच ओतत असतो. जाळीसाठी सवलतीचा कुठलाही आकडा कायद्यात नाही.

मलवाहिनीसाठी मात्र आहे.

1974 च्या जल प्रदूषण कायद्याचं 24 वं कलम सांगतं, की विषारी किंवा प्रदूषण करणारा कुठलाही पदार्थ कोणत्याही व्यक्तीने जाणूनबुजून नदीत, विहिरीत, मलवाहिनीत किंवा जमिनीवर सोडायचा नाही. कोणत्याही व्यक्तीने. कारखानदार, हॉटेलवाला, तुम्ही, मी, सगळे त्यात आले. मलवाहिनीची व्याख्याही त्याच कायद्यात आहे : सांडपाणी वाहून नेणारी कुठलीही नळी किंवा चर, उघडा असो वा बंद. म्हणजे वस्तीतून वाहणारं सांडपाण्याचं उघडं गटारही कायद्याच्या नजरेत मलवाहिनीच ठरतं. 25 वं कलम पुढचं सांगतं : धंद्याचं सांडपाणी सोडायचं असेल तर आधी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्या. आपल्याकडे हे मंडळ 1970 पासून आहे, केंद्राचा कायदा यायच्या चार वर्षं आधीपासून. पाण्याच्या प्रदूषणावर महाराष्ट्राने 1969 मध्येच स्वतःचा कायदा केला होता, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

[दृश्य : कागदावर छापलेला तक्ता. कॅमेरा एकेका रकान्यावरून सरकतो.]

निवेदन :
आणि हा तक्ता. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या परिशिष्टातला, 19 मे 1993 च्या अधिसूचनेने आलेला. रकाने चार. पाणी नदी-तलावात सोडणार असाल तर पहिला, सार्वजनिक मलवाहिनीत सोडणार असाल तर दुसरा, शेतीला देणार असाल तर तिसरा, किनाऱ्यालगतच्या समुद्रात सोडणार असाल तर चौथा.

पहिला आणि दुसरा शेजारी ठेवून वाचा. तरंगणारा गाळ नदीसाठी लिटरमागे 100 मिलिग्रॅम, मलवाहिनीसाठी 600. तेल आणि ओशटपणा नदीसाठी 10, मलवाहिनीसाठी 20. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा प्राणवायू, नदीसाठी 30, मलवाहिनीसाठी थेट 350.

एवढी ढील का? कारण पुढे जंतू बसलेले आहेत. प्रक्रिया केंद्रातल्या टाक्यांमध्ये हवा फुंकून जे कोट्यवधी जीवाणू पोसले जातात, ते साखर, पिष्ट, प्रथिनं, मैला असं सगळं खाऊन टाकतात. घरगुती सांडपाण्याची बीओडी साधारण 200 ते 300 च्या आसपास असते. कायदा कारखान्याला सांगतो आहे, की तुझं पाणी घरच्या मोरीच्या पाण्याजवळ आणून सोड, पुढचं आम्ही बघतो.

धातूंची गोष्ट वेगळी. शिसं जंतूंना खाता येत नाही, क्रोमियम खाता येत नाही. ते एक तर जंतूंनाच मारतात, नाहीतर गाळात जाऊन बसतात, आणि हा गाळ खत म्हणून शेतात जाऊ शकतो. तिथेही मलवाहिनीसाठी थोडी ढील आहे : शिशाला नदीत 0.1, मलवाहिनीत 1. जस्ताला 5 आणि 15. पाऱ्याला मात्र कणभरही सवलत नाही. नदी, मलवाहिनी, समुद्र, सगळीकडे 0.01. अवघ्या तक्त्यात मला सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेली ओळ हीच वाटते.

पाणी मिसळून आकडा खाली आणायचा, ही पळवाट जुनीच आहे. लिटरमागे मिलिग्रॅम मोजणार असाल तर बादलीभर पाणी वाढवलं की झालं. म्हणून संमतीपत्रात दिवसाला किती पाणी सोडायचं तेही लिहिलेलं असतं. तपासायला आलेल्या माणसाने बाटली भरून नेण्याबरोबर मीटरही बघायचा असतो.

आणि एक मासा. हो, तक्त्यात मासेही आहेत. कारखान्याचं पाणी, दुसरा थेंब न मिसळता, टाकीत घ्यायचं आणि त्यात मासे सोडायचे. 96 तासांनी 90 टक्के मासे जिवंत असले पाहिजेत. ही अट मलवाहिनीत जाणाऱ्या पाण्यालाही आहे. रसायनांची नावं माहीत नसतील, यंत्रं नसतील, तरी मासा सांगतो.

[दृश्य : हॉटेलच्या मागची बाजू. लोखंडी झाकण उचलून ग्रीस ट्रॅप उघडला जातो.]

निवेदन :
हा ग्रीस ट्रॅप. रचना अगदी साधी. भांडी धुतलेलं पाणी या टाकीत येऊन संथ होतं. तेल वर तरंगतं, शितं आणि चोथा खाली बसतो, आणि पुढच्या कप्प्यात जाणारी नळी मधल्या थरातून पाणी उचलते. वर हा जो पिवळट, साबणासारखा थर दिसतो आहे, तो इथे अडला म्हणून रस्त्याखाली गेला नाही. पण टाकी वेळच्या वेळी उपसली नाही तर थर जाड होत जातो आणि नळीपर्यंत पोचतो. कढत पाणी आणि भरपूर लिक्विड साबण ओतला तरी तेल पातळ होऊन सुटून जातं, पुढे थंड पाइपात जाऊन गोठतं आणि मग लाइन चोक होते. तळघरात, तळमजल्याच्या मोरीत मैला उलटा वर येतो. शेजारची चाळ महापालिकेला फोन करते, आणि कुणाला तरी ते झाकण उघडावं लागतं.

झाकण उघडणाऱ्या माणसाला समोर ठेवून हा तक्ता पुन्हा वाचायला हवा.

[दृश्य : मॅनहोलच्या आतून वर पाहणारा कॅमेरा. आवाज फक्त पाण्याचा.]

निवेदन :
बंद वाहिनीत प्राणवायू संपला की वेगळे जीवाणू कामाला लागतात. पाण्यातल्या सल्फेटपासून ते सल्फाइड तयार करतात. पाणी फारसं आम्लधर्मी नसेल तर बरंचसं सल्फाइड पाण्यातच विरघळून राहतं. त्यात कुणी आम्ल ओतलं, की ते हायड्रोजन सल्फाइड वायू होऊन एकदम उसळतं. म्हणूनच तक्त्यात सामूची, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणाऱ्या पीएच आकड्याची, खालची मर्यादा 5.5 आहे. सायनाइड असलेलं पाणी आणि आम्ल एकाच वाहिनीत आलं तर त्याहून भयंकर वायू तयार होतो. दोन कारखान्यांनी आपापल्या परीने थोडं थोडं सोडलं, तरी भेट खाली अंधारात होते.

हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो दशलक्ष भागांमागे शंभराच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं वायू गेला. आणखी वाढला की माणूस क्षणात कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. गटारातल्या मृत्यूंच्या बातम्यांत एकाच वेळी दोघं-तिघं जातात, ते यामुळे.

2013 च्या कायद्याने मलवाहिनीत आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाला धोकादायक सफाईसाठी उतरवायला मनाई केली. मृत्यू झाला तर भरपाई किती, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवलं, 10 लाख. ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख केली. मनाई असलेल्या कामातल्या मृत्यूची भरपाई न्यायालयाला वाढवून द्यावी लागते, यात सगळं आलं.

खाली उतरलेलाच मरतो असंही नाही. 30 एप्रिल 2023 ला लुधियानाच्या गियासपुऱ्यात, दाट वस्तीत, मॅनहोलमधून वर आलेल्या विषारी वायूने 11 जण गेले. घरात झोपलेली, दुकानात आलेली माणसं. आपल्याकडे उल्हासनगरमध्ये नोव्हेंबर 2014 मध्ये टँकरने वालधुनीत रसायन ओतलं आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावं लागलं. वालधुनी म्हणजे अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी तीच नदी.

आता तक्त्यात सल्फाइडची ओळ बघा. नदीसाठी मर्यादा 2. समुद्रासाठी 5. मलवाहिनीच्या रकान्यात आडवी रेघ. आकडाच नाही. ज्या ठिकाणी हा वायू बंद जागेत कोंडतो आणि जिथे माणसं त्याने मरतात, नेमक्या तिथेच. हे मला मान्य नाही. ती रेघ पुसून तिथे आकडा लिहायला हवा.

[दृश्य : तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरातली टीप.]

निवेदन :
या रकान्याला एक तळटीपही आहे. तिचा अर्थ असा : मलवाहिनीच्या या मर्यादा तेव्हाच लागू होतील, जेव्हा ती वाहिनी जैविक शुद्धीकरण असलेल्या दुसऱ्या टप्प्याच्या प्रक्रिया केंद्राकडे जात असेल. तसं नसेल तर मलवाहिनीत सोडलेलं पाणी नदीत सोडलं असंच धरलं जाईल.

म्हणजे 350 नाही, 30. तेल 20 नाही, 10. शिसं 1 नाही, 0.1.

सवलत जंतूंच्या भरवशावर दिली होती. जंतूच नसतील तर सवलत नाही. नियम लिहिणाऱ्यांनी पळवाट आधीच बुजवून ठेवली होती.

[दृश्य : वरळीचा किनारा, ओहोटीची वेळ.]

निवेदन :
आता मुंबईकडे बघू. शहराचं सांडपाणी सात विभागांत जमा होतं : कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर. वर्सोवा, भांडुप, घाटकोपरला हवा फुंकणारे तलाव, म्हणजे काही प्रमाणात जंतूंचं काम. कुलाब्याला दिवसाला 37 दशलक्ष लिटरचं नवं केंद्र. वरळी आणि वांद्र्याला मात्र वर्षानुवर्षं मुख्य काम चाळणीचं : चिंध्या, प्लास्टिक, रेती काढायची आणि उरलेलं पाणी समुद्राखालच्या बोगद्यातून तीन किलोमीटरहून लांब नेऊन सोडायचं. शिसं, तांबं, विरघळलेली रसायनं चाळणीत अडकत नाहीत.

मग वरळीच्या वाहिनीत पाणी सोडणाऱ्या कारखान्याच्या संमतीपत्रावर कोणता रकाना लागायला हवा? तळटीप वाचली तर पहिला, नदीचा. दादर-परळच्या एखाद्या हॉटेलाला, प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या गाळ्याला, प्रयोगशाळेला हा प्रश्न कधी विचारला गेला आहे का? विचारायला हवा. आणि विचारताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एका गाळ्यात दोन कारागीर घेऊन काम करणाऱ्याला स्वतःचं शुद्धीकरण केंद्र परवडत नाही. औद्योगिक वसाहतींमध्ये यासाठी सामुदायिक केंद्रं उभी केली. शहराच्या पोटातल्या छोट्या धंद्यांसाठी खराब आम्ल कॅनमध्ये गोळा करून नेण्याची सोय तितक्याच नेटाने उभी करावी लागेल. नोटीस बजावून आम्ल नाहीसं होत नाही, ते रात्री ओतलं जातं.

जानेवारी 2023 मध्ये वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, वर्सोवा, भांडुप, घाटकोपर या सात नव्या केंद्रांची पायाभरणी झाली. एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे 2,460 दशलक्ष लिटर. ही केंद्रं चालू झाली की मुंबईच्या बहुतेक वाहिन्यांच्या शेवटी खरोखरच जंतू असतील, आणि त्या जंतूंना आम्ल, सायनाइड, क्रोमियमपासून जपावं लागेल. हजारो कोटींचं केंद्र एका टँकरच्या खेपेने आजारी पडू शकतं, आणि मेलेले जीवाणू पुन्हा वाढवायला आठवडे जातात.

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर एक संमतीपत्र. नाव झाकलेलं. कॅमेरा मर्यादांच्या तक्त्यावर थांबतो.]

निवेदन :
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर बघता येतात. तुमच्या गल्लीतल्या, वॉर्डातल्या एखाद्या कारखान्याचं पत्र उघडा. सांडपाणी कुठे सोडणार, ती ओळ शोधा. तिथे मलवाहिनी लिहिलं असेल तर बीओडीपुढचा आकडा बघा, 30 आहे की 350. मग आपली वाहिनी कोणत्या केंद्राकडे जाते आणि तिथे नक्की काय प्रक्रिया होते, हे वॉर्ड कार्यालयात लेखी विचारा. दोन्ही उत्तरं जुळत नसतील, तर तळटीपेचा हवाला देऊन मंडळाकडे तक्रार करता येते.