प सा ग प, सा ग प

[पडद्यावर फक्त गिटारच्या तारा. उजव्या हाताचा अंगठा जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सावकाश उतरतो.]

डावा हात मांडीवर आहे. एकही तार दाबलेली नाही, तरी अख्खा कॉर्ड, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या सुरांचा गुच्छ, वाजला.

आपल्या ओळखीच्या सहा तारांच्या गिटारवर हे होत नाही. तिथे मोकळ्या तारा छेडल्या तर सूर ऐकू येतात, पण ते एका घरचे वाटत नाहीत. ही रशियन गिटार सात तारांची आहे, आणि ती अशी लागते: प सा ग प सा ग प. इथला सा म्हणजे पाश्चात्त्यांचा जी. म्हणजे वाद्य नुसतं ठेवलं असलं, तरी ते जी मेजरमध्येच, म्हणजे शुद्ध गंधाराच्या पट्टीतच असतं.

लाडाचं नाव ‘सेमिस्त्रून्का’, म्हणजे सात-तारी. तिचा मोठा गुरू आंद्रेई सिख्रा. 1773 साली विल्नियसला जन्मलेला, पुढे पीटर्सबर्गला स्थिरावलेला. हा हार्पही वाजवायचा. तारांवरून बोटं एकामागून एक सोडण्याची सवय त्याने तिथूनच आणली असावी, असं ऐकताना वाटत राहतं. दुसरीकडे मॉस्कोत मिखाईल विसोत्स्की, जन्म 1791, भूदासाचा मुलगा. रशियन लोकगीतं घ्यायची आणि त्यांच्यावर गिटारचे विस्तार रचायचे, हे त्याचं काम.

[आता दोन वादक. एकाच्या हातात नेहमीच्या आकाराची गिटार, दुसऱ्याच्या हातात लहान.]

ही लहान ‘क्वार्ट-गिटार’. तारा त्याच क्रमाने लागलेल्या, फक्त पट्टी चार सूर वर. मोठीचा मध्यम तो हिचा षड्ज. गंमत अशी की दोघांसमोरचे कागद वेगळे असतात. रचना ए मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराच्या पट्टीत असेल, तर मोठ्या गिटारच्या कागदावर ए मायनर लिहिलेलं असतं आणि लहान गिटारवाला ई मायनरची बोटं ठेवतो. ऐकणाऱ्याला मात्र पट्टी एकच. पेटीवाल्यांना हे समजावून सांगायला नको.

मग ई मायनरच का? इथे थोडं थांबू या.

[कॅमेरा डाव्या हातावर. तीन बोटं, तीन तारा, दुसरा फ्रेट, म्हणजे गिटारच्या दांडीवरची दुसरी आडवी पट्टी.]

पंचमाच्या तीन तारा आहेत. त्या तिन्ही दुसऱ्या फ्रेटवर दाबल्या की प चा ध होतो. बाकी चार तारा तशाच मोकळ्या. आता छेडा: सा, ग, ध. झाला ई मायनर. हसऱ्या कॉर्डपासून उदास कॉर्डपर्यंतचं अंतर तीन बोटांचं. याउलट जी मायनर हवा असेल, तर कोमल गंधार लागतो, आणि गंधाराच्या मोकळ्या तारा शुद्ध आहेत. तार दाबून सूर चढवता येतो, उतरवता येत नाही. मग तो कोमल गंधार खालच्या षड्जाच्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर शोधावा लागतो, आणि मोकळ्या तारांची सगळी श्रीमंती वाया जाते.

रशियन लोकगीतांनाही हा शेजार आवडतो. ओळ मेजरमध्ये सुरू होते, आणि कुणाला न विचारता शेजारच्या मायनरमध्ये जाऊन बसते. कधी उलटं. म्हणून ‘मायनर म्हणजे दुःख’ हे शाळकरी सूत्र इथे फार उपयोगी पडत नाही.

आता लय. रशियन गाण्यांचा एक प्रकार ‘प्रोत्याझ्नाया’, म्हणजे लांबवलेलं, ओढलेलं गाणं. ते गळ्यासाठी जन्मलेलं. गळा सूर धरून ठेवतो. तार छेडली की त्या क्षणापासून सूर विझायला लागतो. विलंबित लय गिटारवर म्हणूनच अवघड. फार हळू गेलं, तर दोन सुरांमध्ये नुसती पोकळी उरते.

[फक्त आवाज. आधी लहान गिटार एकटी, मग तोच तुकडा दोघींचा.]

एकटी असताना तो लांब सूर तुटला. दुसऱ्या वेळी मोठ्या गिटारने खाली कॉर्डचे सूर सुटे सुटे सोडले, आणि वरचा सूर टिकल्यासारखा वाटला. टिकला नाही, आपल्या कानाला रिकामी जागा सापडली नाही, एवढंच.

आणि मग वेग. 1857 मध्ये अपोलोन ग्रिगोर्येव या कवीने दोन गिटारींच्या विव्हळण्यापासून सुरू होणारी एक कविता लिहिली. तो स्वतः सात-तारी वाजवायचा आणि मॉस्कोच्या जिप्सी गायकांमध्ये रमायचा. तिची चाल मायनरमधली. सुरुवात अडखळत, जवळजवळ बेताल. मग प्रत्येक फेरीला लय चढते, शेवटी नाच. पट्टी बदललेली नसते, सूरही तेच, तरी माणसं टाळ्या वाजवू लागतात. लय चढवणं वेगळं आणि लय पळणं वेगळं, हे दोघांना एकत्र सांभाळावं लागतं. जो खालचा ठेका धरतो, त्याच्याकडेच दुसऱ्याचे डोळे असतात.

बाहेरच्यालाही याची भुरळ पडली. स्पेनचा गिटारवादक आणि रचनाकार फेर्नांदो सोर 1823 मध्ये नर्तकी फेलिसिते ह्युलँसोबत मॉस्कोला आला. 1825 साली बोल्शोई थिएटर उघडलं ते त्याच्या बॅलेने. पुढे पॅरिसमध्ये आयुष्याच्या अखेरीस त्याने रशियाच्या आठवणीवर दोन गिटारींचं युगुल लिहिलं. तेही ई मायनरमध्येच सुरू होतं. पण त्याच्या सहा तारांवर सर्वांत खालची तार मुळातच ई आहे. त्याला ती उदासी मोकळ्या तारेवर मिळाली. रशियन वादकाला ती दाबून काढावी लागते.

[पुन्हा दोघं. शेवटचा कॉर्ड, ए मायनर.]

आता उजव्या तळहाताकडे बघा. डावा हात उचलण्याआधी तो तारांवर टेकतो. तसं केलं नाही, तर बोटं सुटताना मोकळ्या तारा पुसट वाजतात: सा ग प.