फ्लोरिडाचा संघ कसा उभा राहिला

मार्च २०२४. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी. कोलोरॅडो १०२, फ्लोरिडा १००. संघ गेन्सव्हिलला, आपल्या विद्यापीठाच्या गावी, परतला तेव्हा प्रशिक्षक टॉड गोल्डन यांच्यापुढे पहिला प्रश्न होता, यातलं राहतंय कोण?

पूर्वी कॉलेज बदललं की एक हंगाम बाहेर बसावं लागे. २०२१मध्ये ती अट सैल झाली, आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवायची मुभाही मिळाली. आता हंगाम संपला की हजारावर खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, नाव टाकतात.

गोल्डन यांनी निवडलेले तीन गार्ड, म्हणजे बास्केटपासून दूर राहून चेंडू खेळवणारे खेळाडू, बघा. विल रिचर्ड बेलमाँटचा, वॉल्टर क्लेटन आयोनाचा, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा. बड्या कॉलेजचा एकही नाही. म्हणून याला 'पोर्टलचा संघ' म्हणतात. ते अर्धंच खरं. रिचर्ड इथे तीन हंगाम खेळला, क्लेटन दोन. बाहेरून आलेली ही मुलं घडली इथेच.

आत, बास्केटखाली, ॲलेक्स काँडन. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, तिकडच्या फूटबॉलमध्ये वाढलेला. पहिल्या वर्षी बहुतेक राखीव, दुसऱ्या वर्षी पहिल्या पाचात. आणि मायका हँडलॉगटन. मार्च २०२४मध्ये भर सामन्यात त्याचा पाय मोडला. पुढचा अख्खा हंगाम बाहेर बसायचं, म्हणजे कॉलेजकडून खेळायच्या मोजक्या वर्षांतलं एक वाचेल, असं ठरलं होतं. पण फेब्रुवारीत संघात उंच माणसं कमी पडली, तेव्हा ते वर्ष सोडून तो मैदानात उतरला. जो तो पुढच्या कॉलेजचा हिशेब करत असताना हे कोण करतं?

७ एप्रिल २०२५, सॅन अँटोनियो. त्याच राष्ट्रीय स्पर्धेचा पुढच्या हंगामातला अंतिम सामना, समोर ह्यूस्टन. दुसऱ्या सत्रात फ्लोरिडा १२ गुणांनी मागे. क्लेटनचा पहिल्या सत्रात एकही गुण नाही. हळूहळू अंतर मिटतं. मार्टिनचे दोन फ्री थ्रो, फ्लोरिडा ६४-६३ने पुढे. डेंझेल ॲबरडीनचा एक, ६५-६३.

शेवटची काही सेकंदं. ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प तीन गुणांसाठी उडी घेतो, तेवढ्यात क्लेटन अंगावर झेपावतो. हवेतच शार्पला कळतं, फेकला तर अडवला जाणार. तो चेंडू खाली सोडतो. आता स्वतःच उचलला तर ट्रॅव्हलिंग, म्हणजे नियमभंग, आणि चेंडू फ्लोरिडाकडे. चेंडू पायाशी टप्पे घेतोय आणि त्याला हात लावता येत नाही. काँडन जमिनीवर झेप टाकतो. वेळ संपते.

त्या उन्हाळ्यात क्लेटन, मार्टिन, रिचर्ड, तिघांनाही एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, संघ मिळाला. काँडन थांबला. प्रिन्स्टनहून झेव्हियन ली आला, आर्कान्सॉहून बूगी फ्लँड. आणि तो ६५वा गुण टाकणारा ॲबरडीन, तीन वर्षं फ्लोरिडात काढलेला, पोर्टलमधून केंटकीला गेला.